गिनीपिगचा नायटा हटत नसेल तर

आधी घरातली गजकर्णाची ट्यूब बाजूला ठेवा. मेडिकलमध्ये मिळणाऱ्या अशा बऱ्याच मलमांत स्टेरॉइड असतं. लाली उतरल्यासारखी वाटते, मग बुरशी जोमाने पसरते. शिवाय गिनीपिग ते चाटतो.

नाकाजवळ, डोळ्यांभोवती, कानांवर केस गळून खपल्या धरल्या असतील तर नायट्याचा संशय रास्त आहे. पण किंचाळत, वेड्यासारखं खाजवत असेल तर खरजेचे किडे असू शकतात, आणि त्यांचं औषध वेगळं. म्हणून डॉक्टरांना चट्ट्याच्या कडेचे केस कल्चरला (प्रयोगशाळेत बुरशी वाढवून ओळखण्याच्या तपासणीला) पाठवायला सांगाच. डॉक्टर बुरशी पाहायला वापरतात त्या जांभळ्या दिव्याखाली (वूड्स लॅम्प) काही चमकलं नाही म्हणून निर्धास्त होऊ नका. गिनीपिगला सहसा होणारी ट्रायकोफायटॉन बुरशी त्यात चमकतच नाही.

चिवट नायट्याला बहुधा पोटातून इट्राकोनॅझोल किंवा टर्बिनाफिन द्यावं लागतं, तेही कित्येक आठवडे. डोस डॉक्टरच वजनावरून ठरवतील. केस उगवले की औषध बंद, इथेच बहुतेकांचं फसतं.

आणि पिंजरा! बुरशीचे बीजाणू तिथे महिनोन्‌महिने टिकतात. लाकडी घरकुल सरळ फेका, कापडी अंथरूण गरम पाण्याने वेगळं धुवा, सोबतच्या गिनीपिगलाही तपासून घ्या. हाताळताना हातमोजे घाला. हा नायटा लहान मुलांना पटकन लागतो.