मातीच्या धरणाची श्रेणी कशी वाचावी?

प्रश्न : माझी मुलगी आणि जावई अमेरिकेत मिशिगन राज्यात घर घेण्याच्या विचारात आहेत. घराच्या वरच्या अंगाला एका खासगी मालकाचे मातीचे जुने धरण आहे. धरणांच्या राष्ट्रीय नोंदवहीत त्याची धोक्याची श्रेणी ‘उच्च’, तर स्थिती ‘ठीक’ अशी दिली आहे. दलाल म्हणतो, काळजीचे कारण नाही. या दोन शेऱ्यांचा मेळ कसा लावावा?
— एक वाचक, पुणे

उत्तर : हे दोन शेरे दोन वेगळ्या गोष्टींबद्दल आहेत, त्यामुळे त्यांचा मेळ लावण्याची गरजच नाही. धोक्याच्या श्रेणीवरून धरणाची प्रकृती कळत नाही. उद्या ते फुटलेच तर खाली काय होईल, एवढेच ती सांगते. मनुष्यहानी संभवत असेल तर श्रेणी ‘उच्च’ ठरते, मग धरण कालच बांधलेले आणि भक्कम का असेना. धरणात काहीही न बदलता, केवळ खाली नवी घरे उभी राहिल्याने श्रेणी वर चढते, आणि मालकाला अधिक मोठा पूर पेलणारा सांडवा, म्हणजे जादा पाणी बाहेर सोडण्याची वाट, बांधावा लागण्याची पाळी येते. उलट, श्रेणी ‘कमी’ आहे म्हणून निर्धास्त राहण्यातही अर्थ नाही. हवाईतील काउआई बेटावरचे का लोको हे खासगी मालकीचे मातीचे धरण सरकारी नोंदीत ‘कमी’ धोक्याचे होते. १४ मार्च २००६ रोजी ते फुटले आणि खाली राहणारी सात माणसे वाहून गेली.

प्रकृती पाहायची ती स्थितीच्या शेऱ्यात. तेथे ‘ठीक’ म्हणजे नेहमीच्या परिस्थितीत दोष दिसत नाही, पण क्वचित येणाऱ्या मोठ्या पुरात किंवा भूकंपात तो उघडा पडू शकतो. दलालाने वाक्याचा पहिलाच भाग सांगितलेला दिसतो. मिशिगनमध्येच याचा दाखला आहे. एडनव्हिल हे १९२०च्या दशकातले खासगी धरण. सांडव्याची क्षमता वाढवली नाही म्हणून केंद्रीय ऊर्जा नियामक आयोगाने २०१८ मध्ये त्याचा वीजनिर्मितीचा परवाना रद्द केला. देखरेख राज्याकडे आली आणि त्याच वर्षीच्या पाहणीत स्थिती ‘ठीक’ ठरली. १९ मे २०२० रोजी जोरदार पावसानंतर त्याचा भराव कोसळला, खालचे सॅनफर्ड धरणही गेले आणि सुमारे दहा हजार लोकांना घरे सोडावी लागली. जीवितहानी झाली नाही. ध्यानात ठेवण्याजोगी बाब अशी, की एडनव्हिलच्या माथ्यावरून पाणी वाहिलेच नव्हते. तज्ज्ञ समितीच्या निष्कर्षानुसार भरावातील सैल, पाण्याने भिजलेली वाळू एकाएकी बळ गमावून ओघळली. असा दोष बांधावरून फेरफटका मारून दिसत नाही.

म्हणून शेऱ्यावर न थांबता मूळ तपासणी अहवाल मागवावा. मिशिगनमध्ये ‘उच्च’ श्रेणीच्या धरणाची तपासणी परवानाधारक अभियंत्याकडून दर तीन वर्षांनी करून घेणे मालकावर बंधनकारक आहे. सांडवा किती मोठा पूर पेलतो, पायथ्याशी पाझर आहे का आणि असल्यास पाणी स्वच्छ येते की गढूळ, भरावावर झाडे वाढली आहेत का, भरावातून जाणारा लोखंडी नळ गंजला आहे का, हे त्यात पाहावे. गढूळ पाझर म्हणजे आतील माती वाहून जात असल्याची खूण. पानशेत पाहिलेल्या पुणेकरांना मातीच्या धरणाबाबत अधिक सांगायला नको. मागील अहवालांतील शिफारशी पुढच्या अहवालात तशाच उतरलेल्या आढळल्या, तर मालकाकडे पैसा नाही किंवा इच्छा नाही, असे समजावे. खासगी धरणांत माझ्या मते खरे दुखणे बहुधा तेथेच असते.

आपत्कालीन कृती योजनेची प्रत स्थानिक प्रशासनाकडे पाहायला मिळते का, तेही विचारावे. तीत पाणी कोठवर पोहोचेल याचा नकाशा असतो. घरखरेदीच्या वेळी दाखवला जाणारा पूररेषेचा सरकारी नकाशा वेगळा असून धरणफुटीचे पाणी तो सहसा दाखवत नाही. घराच्या नेहमीच्या विम्यातही पुराचे नुकसान धरलेले नसते, त्यासाठी स्वतंत्र विमा घ्यावा लागतो. अहवाल हाती येईपर्यंत मुलीने व जावयांनी सौद्यावर सही करू नये.