ऐकू येतं हो, कळत नाही

"बाबा हल्ली कुठे यायलाच नको म्हणतात. लग्नात अर्ध्या तासात 'चला घरी', हॉटेलात नुसती चिडचिड. वयामुळे माणूसघाणे झालेत का?" हा प्रश्न मला समुपदेशनात वरचेवर विचारला जातो, बहुतेकदा सुनेकडून नाहीतर मुलीकडून. मला दर वेळी एक काका आठवतात. (ओळख पटू नये इतपत तपशील बदललेत.)

काका 71 वर्षांचे, राहायला नाशिकच्या सिडकोत. सातपूरच्या एका कारखान्यात प्रेस शॉपला, म्हणजे पत्रा दाबणाऱ्या यंत्रांच्या दणदणाटात, 30 वर्षं काढलेली. तरुणपणी तालमीच्या पथकात ढोल वाजवायचे. असा माणूस आवाजाला कंटाळतो, हे घरच्यांच्या गळी उतरेना. खरं सांगायचं तर माझ्याही नाही. सून चिडचिड म्हणाली आणि मी चिडचिडीच्या मागे लागले. श्वासाचे व्यायाम, गर्दीची भीती, काकू गेल्यानंतरचा एकटेपणा. काका मान डोलवत राहिले. दोन बैठका अशा गेल्या.

तिसऱ्या वेळी लाइट गेली होती. पंखा बंद, खिडक्या लावलेल्या, आम्ही दोघं घामाघूम. निघताना काका म्हणाले, "आज तुमचं सगळं कळलं."

"म्हणजे आधी ऐकू येत नव्हतं?"

"ऐकू येतं हो. कळत नाही."

माझ्या डोक्यावरचा पंखा! मला स्वतःचीच लाज वाटली.

वाढत्या वयानं आणि वर्षानुवर्षं यंत्रांजवळ काम केल्यानं आधी बारीक, उंच पट्टीचे आवाज जातात. आ, ओ असे स्वर कानापर्यंत पोचतात. स, श, फ ही व्यंजनं गळतात. 'सात' म्हणाले की 'हात', की 'भात'? शांत खोलीत संदर्भावरून माणूस गाळलेल्या जागा भरतो. मागे कालवा असला की ते जमत नाही, आणि त्या खटपटीत तासाभरात दमायला होतं. त्यातून अशा कानाला हळू बोललेलं कळत नाही, पण मोठा आवाज मात्र टोचतो. म्हणून घरचे ओरडले की काका चिडायचे.

मग खरी गोष्ट बाहेर आली. दर रविवारी जुन्या मित्रांबरोबर मिसळ खायचा रिवाज. अशाच एका रविवारी शेजारच्या टेबलावर वाढदिवस, पोऱ्या "दोन तिखट, एक जादा पाव" ओरडतोय, स्टीलच्या ताटल्यांचा खणखणाट. एका मित्रानं सांगितलं की मुलाची बायपास झाली. काका हसून म्हणाले, "वा, वा, छान!" सगळं टेबल गप्प झालं. नंतर कोणीतरी कानाशी येऊन सांगितलं. त्यानंतर काका गेलेच नाहीत.

कानतपासणी झाली. आधी मळ निघाला, मग आलेखात उंच पट्टीची रेघ सरळ खाली गेलेली दिसली. कानाचं मशीन मिळालं आणि आठ दिवसांत कपाटात गेलं, कारण भांडी घासल्याचा आवाज डोक्यात जात होता. हे अनेकांचं होतं. मशीन परत जुळवून घ्यावं लागतं. आधी शांत घरात थोडा वेळ, मग अंगणात, बाजारात सगळ्यात शेवटी. गोंगाटात मशीन मदत करतं, तरुण कान परत देत नाही.

पण सगळ्यात अवघड होतं एक वाक्य: "मला गोंगाटात कळत नाही, माझ्याकडे तोंड करून बोल." काकांनी ते माझ्यासमोर पाचसहा वेळा म्हटलं, दर वेळी खाली बघून. मित्रांना मिसळीला सकाळी दहाऐवजी साडेसातला, गर्दीच्या आधी बोलवायचं, हे मात्र त्यांचंच डोकं. कोपऱ्यातलं टेबल, पाठ भिंतीला, म्हणजे मागचा आवाज कमी आणि उजेड समोरच्याच्या चेहऱ्यावर. आणि 'काय?' असं नुसतं न विचारता 'कोणाची बायपास?' असं विचारायचं, म्हणजे समोरचा तेवढाच शब्द परत सांगतो.

डीजेच्या लग्नाला काका आजही जात नाहीत, मीही आग्रह करत नाही. वाकडी बारवेहून निघणारी विसर्जन मिरवणूक मात्र ते मेन रोडवरच्या नातेवाइकांच्या गच्चीवरून बघतात. मशीन खिशात, कानात फोमचे प्लग. कापसाच्या बोळ्यांनी फारसं काही होत नाही, हे त्यांना मीच सांगितलं होतं.

साडेसातच्या पहिल्या रविवारी त्यांनी मिसळ यायच्या आधीच त्या मित्राला विचारलं, "मुलगा कसा आहे आता?" बायपासला तेव्हा चार महिने झाले होते.