वाचकांचे प्रश्न : पिकअपच्या हौद्यात माल लावताना

प्रश्न : डिचोलीत माझे हार्डवेअरचे दुकान आहे. सिमेंट, रंगाचे डबे, पीव्हीसी पाइप आणि नळाचे सुटे भाग असा मिश्र माल मी दहा फुटी हौद्याच्या पिकअपमधून साखळी, केरी आणि कधी सत्तरीतील सुर्लपर्यंत पोहोचवतो. पहिल्या गिऱ्हाइकाचा माल नेमका तळाशी सापडतो, घाट उतरताना सगळे केबिनकडे सरकते आणि पावसाळ्यात सिमेंट ओलावते. हौद्यात कप्प्यांची लोखंडी पेटी बसवून घ्यावी का?

उत्तर : पेटीची ऑर्डर देण्याआधी गाडीचे आरसी बुक उघडावे. त्यात गाडीचे रिकामे वजन आणि मालासह कमाल एकूण वजन अशा दोन्ही नोंदी असतात. त्यांच्या फरकातून चालक आणि मदतनिसाचे वजन वजा केले, की उरते तेवढाच माल भरण्याची मुभा असते. समजा, हा फरक 1,300 किलो आणि दोघांचे वजन 150 किलो असेल, तर सिमेंटच्या 50 किलोच्या 23 गोणी चढल्या की गाडी भरली, मग हौद्यात कितीही जागा शिल्लक दिसो. लोखंडी पेटीच शंभर किलोंची झाली तर दोन गोण्यांची जागा कायमची गेली, म्हणून काढता-घालता येणाऱ्या फळ्या मला अधिक सोयीच्या वाटतात.

मालाची जागा आधी वजनावरून आणि मग उतरवण्याच्या क्रमावरून ठरवावी. सिमेंट तळाशी, केबिनकडील जाळीला टेकवून आणि डाव्या-उजव्या बाजूंना सारखे वाटून लावावे. मागच्या आसाच्याही मागे जास्त वजन गेले, तर पुढची चाके हलकी होतात आणि ओल्या चढणीवर स्टिअरिंगची पकड कमी होते. क्रमाची अडचण सुटते ती बाजूच्या फाळक्यांमुळे. हौद्याच्या कडांना आतून खाचा करून त्यांत दोन आडव्या फळ्या बसवल्या, तर तीन कप्पे तयार होतात आणि प्रत्येक गिऱ्हाइकाचा माल बाजूने उतरवता येतो; मागून सगळा उपसावा लागत नाही. अरुंद रस्त्यावर डावीकडचाच फाळका उघडावा, एवढे पथ्य पाळावे. पुढच्या कप्प्यातील जड माल आधी उतरला, तर उरलेला पुढे सरकवून ठेवावा. मदतनीस कुरकुरेल, पण या कामाला पर्याय नाही.

घाटात माल सरकतो तो मुख्यतः मधल्या रिकाम्या फटींमुळे. माल बांधण्याच्या युरोपीय मानकात असे गृहीत धरतात, की ब्रेक लागताना मालाच्या वजनाच्या 80 टक्के जोर पुढच्या दिशेने, तर वळण घेताना बाजूंना आणि वेग घेताना मागे 50 टक्के जोर येऊ शकतो; म्हणजे हजार किलो मालासाठी 800 किलोंचा धक्का थोपवण्याची तयारी हवी. फटी राहिल्या नाहीत आणि तळाशी जाड रबरी मॅट असली, तर यातला बराचसा जोर जाळी आणि घर्षण मिळून पेलतात. मालावरून आडवा घेतलेला पट्टा माल खाली दाबतो आणि त्यामुळे घर्षण वाढते, म्हणून तो शक्य तितका उभ्या कोनात खाली उतरावा. नायलॉनची दोरी पावसात पाणी पिऊन सैल पडते. तिच्याऐवजी पॉलिएस्टरचा रॅचेट पट्टा, म्हणजे खटक्याने आवळायचा पट्टा, घ्यावा आणि धारदार कडेखाली जुन्या टायरचा तुकडा ठेवावा. थोडे अंतर गेल्यावर माल बसतो, तेव्हा घाट सुरू होण्यापूर्वी केरीला थांबून पट्टे पुन्हा आवळावेत.

सिमेंट थेट पत्र्यावर किंवा मॅटवर न ठेवता लाकडी पट्ट्यांवर ठेवावे, खाली प्लास्टिक अंथरून त्याच्या कडा वर दुमडाव्यात. हौद्याच्या तळाची पाणी जाण्याची छिद्रे मॅटखाली बुजू देऊ नयेत. आपल्याकडच्या दमट हवेत मॅटखालचा पत्रा गुपचूप गंजतो, म्हणून ती अधूनमधून उचलून वाळवावी. ताडपत्रीखाली मधोमध लांबीत एक बांबू बांधला, की पाणी साचत नाही. दोन ताडपत्र्या असतील तर पुढची मागचीवर चढलेली असावी, नाहीतर वारा आत शिरतो.

सहा मीटरचे पाइप मात्र या गाडीत नेऊ नयेत. मोटार वाहन कायद्यातील 2019 च्या दुरुस्तीनंतर हौद्याबाहेर माल काढून नेल्यास 20,000 रुपये दंड आहे आणि टोकाला लाल फडके बांधल्याने तो टळत नाही. तीन मीटरचे पाइप दहा फुटी हौद्यात जेमतेम बसतात. जोड वाढले तरी तेच मागवावेत.

प्रश्न : चवथीला चित्रशाळेतून गणपतीची मोठी मातीची मूर्ती पिकअपमधून आणायची आहे. ती कशी बांधावी?

उत्तर : मूर्तीवरून दोर घेऊच नये, पट्टा फक्त पाटावर असावा. पाटाखाली वाळू भरलेली पातळ पोती अंथरावीत, पाट केबिनच्या जाळीला टेकवावा आणि त्याच्या उरलेल्या तिन्ही बाजूंना लाकडी ठोकळे घट्ट बसवावेत. मूर्तीचा नाजूक भाग जाळीला लागणार नाही, एवढे अंतर पाटाच्या रुंदीतूनच मिळायला हवे. मिळत नसेल तर सुताराकडून अधिक रुंद पाट करून घ्यावा. पाऊस असल्यास ताडपत्री चारही कोपऱ्यांच्या बांबूंवर ताणावी, कारण ओल्या रंगावर फडफडणारे कापड घासले की रंग निघतो.