वाचकांचे प्रश्न : जपानी नाव ‘आओई’

प्रश्न : माझा मुलगा व सून नोकरीनिमित्त योकोहामा येथे राहतात. तेथे त्यांना मुलगी झाली आणि त्यांनी तिचे नाव ‘आओई’ ठेवले. दिवाळीत ते इंदूरला आले म्हणजे लोकमान्यनगरातील आमच्या घरी बारसे करावयाचे आहे. मुलगा म्हणतो की या नावाचा अर्थ एक फूल. सुनेच्या जपानी मैत्रिणीने मात्र निळा रंग असे सांगितले. माझ्या भाचीने कोठेसे वाचले की एका जुन्या जपानी कथेतील आओई बाळंतपणानंतर लगेच मरण पावते, तेव्हापासून माझ्या मनात शंका आहे. शेजारच्या हिंदीभाषक मैत्रिणी तर नाव ऐकताच ‘आओ, आओ’ म्हणून हसतात. या नावाचा खरा अर्थ कोणता, ते मुलीचेच नाव आहे ना, तेथे ते कितपत रूढ आहे आणि निमंत्रणपत्रिकेवर ते देवनागरीत कसे लिहावे?
– एक आजी, इंदूर

उत्तर : आपले चिरंजीव आणि सूनबाईंची मैत्रीण या दोघांचेही म्हणणे बरोबर आहे. आपल्याकडे ‘नीलिमा’ हे नाव कानावर पडताच अर्थ कळतो. जपानीत केवळ उच्चारावरून तो ठरत नाही. नाव ज्या चित्राक्षराने लिहिले जाते, त्याचा अर्थ तो नावाचा अर्थ, आणि एकाच उच्चाराची नावे अनेक वेगवेगळ्या चित्राक्षरांनी लिहिता येतात. या चित्राक्षरांना जपानीत कांजी म्हणतात (माळव्यातल्या कांजीवड्याशी त्याचा काही संबंध नाही). ‘आओई’ हा उच्चार लिहिण्यासाठी पालक जी कांजी निवडतात त्यांतली काही वनस्पतीची आहेत, तर काही रंगाची.

मुलींच्या नावासाठी सर्वाधिक पसंती मिळते ती वनस्पतीच्या अक्षराला. माथ्यावर गवताची खूण असलेले हे बारा रेघांचे अक्षर चीनमधून आले. तेथे ते मुळात एका पालेभाजीचे नाव होते आणि तिची पाने सूर्याकडे वळतात असा समज होता. सूर्यफुलाच्या जपानी नावाच्या लेखनात हेच अक्षर येते ते त्यामुळेच. जपानमध्ये मात्र या एका नावाखाली निरनिराळ्या वनस्पती गोळा झाल्या आहेत. आज नुसते आओई म्हटले की बहुतेकांच्या डोळ्यांपुढे ‘ताचि-आओई’ येते. हे आपल्या बागांतले हॉलीहॉक, ज्याला हिंदीत गुलखैरा म्हणतात आणि जे भेंडी, अंबाडी व जास्वंद यांच्याच कुळातले आहे. जपानमध्ये त्याचा बहर पावसाळ्याच्या सुमारास येतो आणि दांड्याच्या टोकाचे फूल उमलले की पावसाळा संपला, असे तेथील लोक मानतात.

नावाला जी प्रतिष्ठा आहे ती मात्र या दिमाखदार फुलामुळे नव्हे, तर ‘फुताबा-आओई’ नावाच्या, जमिनीलगत सावलीत वाढणाऱ्या एका साध्या वनस्पतीमुळे आहे. फुताबा म्हणजे दोन पाने. एका देठावर हृदयाच्या आकाराची दोन पाने, आणि खाली दडलेले, चटकन नजरेत न भरणारे तपकिरी फूल असे तिचे रूप असते. हॉलीहॉकशी तिचे वनस्पतिशास्त्रीय नातेही नाही. क्योतो शहरातील कामो देवस्थानांचा उत्सव दरवर्षी १५ मे रोजी होतो. त्या दिवशी जुन्या राजवाड्यापासून शिमोगामो आणि तेथून कामिगामो या मंदिरापर्यंत दरबारी पोशाखातील पाचशेहून अधिक लोकांची मिरवणूक निघते आणि त्यांच्या शिरोभूषणांत, बैलगाडीवर आणि मंदिरांतही हीच पाने खोवलेली असतात. म्हणून या उत्सवाला ‘आओई मात्सुरी’ म्हणतात. परंपरेनुसार त्याची सुरुवात सहाव्या शतकात, किन्मेई सम्राटाच्या काळात झाली. पुढे १६०३ ते १८६८ या काळात जपानवर सत्ता गाजविणाऱ्या तोकुगावा शोगुन घराण्याने याच पानांचे चिन्ह कुलचिन्ह म्हणून वापरले. वर्तुळात तीन पाने असे त्याचे स्वरूप आहे. वनस्पतीला एरवी दोनच पाने असली तरी चिन्हात तिसरे जोडलेले आहे. ते चिन्ह इतरांनी वापरण्यावर शोगुनशाहीत निर्बंध होते. आपल्याकडे राजचिन्हांचा मान ठाऊक असलेल्या इंदूरकरांना या गोष्टीचे महत्त्व वेगळे सांगावयास नको.

आता रंगाविषयी. निळ्यासाठी जपानीत ‘आओ’ हा शब्द आहे, आणि ‘आओई’ हे त्याचेच विशेषण आहे. जुन्या जपानीत आओच्या कक्षेत निळ्याबरोबर हिरवाही येत असे. आजही तेथे हिरव्या सिग्नलला आओच म्हणतात आणि कोवळ्या पालवीलाही तोच शब्द लागतो. वनस्पतीचे नाव आणि रंगाचे विशेषण हे मुळात दोन वेगळे शब्द आहेत. जुन्या लेखनात वनस्पतीचे नाव ‘आफुहि’ असे लिहिले जाई, तर रंगाच्या शब्दात ‘वो’ होता. शतकांच्या ओघात उच्चार झिजून दोन्ही एकाच ठिकाणी येऊन मिळाले. त्यामुळे ‘खरा अर्थ कोणता’ या आपल्या प्रश्नाला एकच उत्तर देणे जपानी माणसालाही शक्य नाही. तो उलट विचारील, ‘कोणत्या अक्षराने लिहिता?’

याच ‘आफुहि’ने आपल्या भाचीने वाचलेल्या कथेचाही उलगडा होतो. मुरासाकी शिकिबू या दरबारी लेखिकेने अकराव्या शतकाच्या आरंभी लिहिलेल्या ‘गेंजी मोनोगातारी’ या ग्रंथाच्या नवव्या अध्यायाचे नाव आओई आहे. त्यात कामो उत्सवाच्या सुमारास रथांच्या जागेवरून झालेला प्रसिद्ध कलह येतो, आणि नायकाची पत्नी मुलाला जन्म दिल्यानंतर मरण पावते हेही खरे. परंतु मूळ ग्रंथात तिला हे नाव नाही. अध्यायाच्या नावावरून पुढच्या वाचकांनी तिला ‘आओई नो उए’ म्हणावयास सुरुवात केली. अध्यायाला हे नाव मिळाले ते त्यातील पद्यांवरून, आणि त्या पद्यांत ‘आफुहि’वर श्लेष आहे. ‘आफु हि’ असे तोडले की त्याचा अर्थ ‘भेटीचा दिवस’ असा होतो. आपली नात दिवाळीत घरी येत आहे, तेव्हा अशुभाची शंका सोडून हा तिसरा अर्थ ध्यानात ठेवावा. हा ग्रंथ जपानमध्ये शाळेपासून शिकवला जातो, आणि तो माहीत असूनही तेथील आईबाप मुलींना हे नाव हौसेने ठेवतात.

हे सारे संदर्भ प्राचीन असले तरी व्यक्तिनाम म्हणून आओईचा प्रसार मात्र अगदी अलीकडचा आहे. विसाव्या शतकाच्या बऱ्याच काळात जपानी मुलींची नावे प्रामुख्याने ‘को’ या प्रत्ययाने संपत. सम्राटांच्या घराण्यात आजही ती प्रथा पाळली जाते, जसे २००१ साली जन्मलेल्या राजकन्या आइको. शिवाय १९४८ पासून सरकारने नावांत वापरावयाच्या कांजींवर मर्यादा घातली होती. १९७६ साली त्या यादीत २८ अक्षरांची भर पडली आणि त्यांत आओईचे वनस्पतीचे अक्षर होते. त्यापूर्वीच्या २८ वर्षांत कोणी हे नाव ठेवावयाचे ठरविले असते, तर त्याला अक्षर बदलावे लागले असते किंवा ध्वनिलिपीत लिहावे लागले असते. मेइजी यासुदा ही आयुर्विमा कंपनी नवजात मुलांच्या नावांची वार्षिक क्रमवारी प्रसिद्ध करते. तिच्यात या एकाक्षरी लेखनाचे नाव २०१५ आणि २०१६ या दोन्ही वर्षी मुलींमध्ये पहिले होते. २०१९ आणि २०२० साली पहिला क्रमांक मिळविणारे ‘हिमारी’ हे नावही सूर्याच्या अक्षराला हेच अक्षर जोडून लिहितात. अभिनेत्री मियाझाकी आओई हिच्यासारख्यांमुळे ते नाव घरोघरी पोहोचले असावे, परंतु माझ्या मते खरे कारण त्याच्या आटोपशीरपणात आहे. एकच अक्षर, तीन स्वर, आणि दोन निरनिराळ्या प्रतिमा.

मुलाचे की मुलीचे, या आपल्या प्रश्नाचे उत्तर असे की दोघांचेही. वनस्पतीच्या अक्षराने ते मुलींमध्ये अधिक आढळते आणि रंगवाचक अक्षरांनी मुलांमध्ये अधिक, परंतु ही काटेकोर विभागणी नव्हे. नावावरून मुलगा की मुलगी हे कळलेच पाहिजे असा तेथे आग्रह नसतो.

आपल्या नातीच्या बाबतीत अक्षराचा प्रश्न वेगळ्या रीतीने सुटतो. जपानमध्ये जन्मल्याने तेथील नागरिकत्व मिळत नाही. आईवडील दोघेही भारतीय असल्यास मुलाची नोंद तेथील कुटुंबनोंदवहीत होत नाही. जन्माची सूचना मात्र १४ दिवसांच्या आत नगरकार्यालयात द्यावीच लागते आणि तीत परदेशी बाळाचे नाव काताकाना या ध्वनिलिपीत लिहितात. ध्वनिलिपीत कांजीसारखा अर्थ नसतो. म्हणजे आपल्या नातीचे अधिकृत नाव हा केवळ उच्चार आहे, आणि त्याचा अर्थ घरच्यांनी ठरवावयाचा आहे. माझी सूचना अशी की सूनबाईंनी अक्षर आजच ठरवावे आणि बारशाच्या दिवशी ते कोणाकडून तरी ब्रशने लिहून पाळण्याजवळ लावावे. जपानी घरांतही जन्मानंतर सातव्या रात्री नाव असेच कागदावर लिहून लावण्याची चाल आहे. जन्माची नोंद एका वर्षाच्या आत टोकियोतील भारतीय दूतावासातही झाली पाहिजे. ती केली नसल्यास दिवाळीच्या धांदलीत राहू नये.

नामाक्षराचा विचार आपण केला असेलच. ‘अ’ हे कृत्तिकेच्या पहिल्या चरणाचे अक्षर आहे. नक्षत्र जुळत नसेल तर पाळण्यातले नाव निराळे ठेवण्याची आपली सोय आहेच. जपानमध्येही काही कुटुंबे अक्षरातील रेघा मोजून शुभाशुभ पाहतात.

लेखनाविषयी : ‘आओई’ असे लिहावे. जपानी ‘आ’ आपल्यापेक्षा आखूड असतो, तरी त्याचा नाद ‘अ’चा नाही, म्हणून ‘अओई’ चुकीचे. आणि शेवटचा स्वर ऱ्हस्व असला तरी मराठीत शब्दाच्या अंती ‘ई’ दीर्घच लिहितात. उच्चार करताना तिन्ही स्वरांना सारखाच वेळ द्यावा. हिंदी मैत्रिणींच्या ‘आओ’ची काळजी करू नये, इंदुरात हसून बोलावले जाणे हा काही अपमान नाही.

प्रश्न : कतारच्या विश्वचषकात स्पेनविरुद्ध विजयी गोल करणाऱ्या आओ तानाकाचे नाव ‘आओई’चेच संक्षिप्त रूप आहे का?
– एक फुटबॉलप्रेमी वाचक, इंदूर

उत्तर : नाही, ‘आओ’ हे स्वतंत्र नाव आहे. तानाका ते ज्या कांजीने लिहितो तिचा अर्थ जेड या रत्नासारखा निळसर हिरवा रंग असा होतो. हेच अक्षर नावात ‘आओई’ किंवा ‘मिदोरी’ असेही वाचता येते, त्यामुळे नुसत्या कागदावरून उच्चार ओळखणे जपानी माणसालाही अवघड जाते. विशेष म्हणजे कुटुंबनोंदवहीत नावाचा उच्चार नोंदविण्याची तरतूदच नव्हती; ती २६ मे २०२५ पासून लागू झाली.