वाद्य आणि वादक : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : मी नाशिकच्या एका माध्यमिक शाळेत गणित शिकवते. वय बेचाळीस. कॉलेजात असताना घेतलेली साधी सॉलिड-बॉडी, म्हणजे भरीव अंगाची, इलेक्ट्रिक गिटार मी गेली वीस वर्षे वाजवते आहे. दोन वर्षांपूर्वी पुण्यात एका परिचितांच्या घरी गिब्सन कंपनीची ईएस-३३५ ही सेमी-हॉलो, म्हणजे अर्धवट पोकळ, गिटार तासभर हातात मिळाली आणि तेव्हापासून तिचा आवाज कानातून जात नाही. पगारातून थोडे थोडे करून ७५ हजार रुपये बाजूला टाकले आहेत. गिब्सनची किंमत मात्र काही लाखांत जाते. आणखी चार-पाच वर्षे थांबून तीच घ्यावी, आत्ता एपिफोन किंवा आयबानेझ या कंपन्यांची घ्यावी, की अगदी स्वस्तातली घेऊन पुढे तिचे पिकअप (तारांचे कंपन विजेच्या संकेतात बदलणारे भाग) वगैरे बदलत जावे? नाशिकच्या पावसाळ्यात अशी गिटार टिकते का? मी बहुतेक वेळा घरातली माणसे झोपल्यावर वाजवते, हेही सांगायला हवे.
— एक वाचक, इंदिरानगर, नाशिक

उत्तर : तासभर वाजवलेल्या वाद्याचा आवाज दोन वर्षांनंतरही तुमच्या कानात आहे, ही मला तुमच्या पत्रातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट वाटते. चित्र पाहून उठलेली हौस इतके दिवस टिकत नाही. त्यामुळे घ्यावी की नाही, हा प्रश्न सुटला आहे असे मी धरतो आणि कोणती व केव्हा घ्यावी, एवढ्याबद्दलच लिहितो.

ज्या आवाजाने तुम्हाला धरून ठेवले तो कशातून येतो, हे आधी पाहू, कारण पैसे कशावर खर्च करायचे हे त्यावरूनच ठरेल. गिब्सनने १९३६ साली ईएस-१५० बाजारात आणली, तेव्हा इलेक्ट्रिक गिटार म्हणजे बहुधा पिकअप बसवलेली पूर्ण पोकळ गिटारच असे. तिचा आवाज गोड होता, पण अॅम्प (आवाज वाढवणारे यंत्र) मोठा केला की त्याच आवाजाने गिटारची पोकळी थरथरू लागे, ती थरथर पुन्हा पिकअपमध्ये शिरे आणि न थांबणारा हुंकार सुरू होई. पुढे आलेल्या भरीव गिटारांनी हा त्रास संपवला खरा, पण पोकळीतून मिळणारा श्वासही त्यांच्यात राहिला नाही. १९५८ साली, टेड मॅकार्टी गिब्सनचे अध्यक्ष असताना, ईएस-३३५ आली आणि तिने मधला मार्ग काढला. सुमारे चार सेंटिमीटर जाडीच्या पातळ अंगाच्या मधोमध मेपलचा भरीव ठोकळा बसवला आणि दोन्ही बाजूंचे पंख पोकळ ठेवले. ब्रिज (तारा ज्यावर टेकतात ती पट्टी) आणि पिकअप त्या ठोकळ्यावर येतात, म्हणून सूर लांबतो आणि हुंकार आवरतो. पंख पोकळ असल्यामुळे सुराची सुरुवात थोडी मऊ होते आणि तुकड्या-तुकड्याने वाजवलेल्या कॉर्डमधला प्रत्येक सूर वेगळा ऐकू येतो. त्याच सुमारास गिब्सनने हंबकर पिकअप वापरात आणले होते. त्यांतली तारेची दोन वेटोळी एकमेकांच्या उलट जोडलेली असल्याने विजेची घरघर आपोआप कापली जाते.

आता तुमच्या उपयोगाची गोष्ट सांगतो. ईएस-३३५ चे वरचे आणि मागचे पान अखंड लाकडाचे नसून मेपल आणि पॉप्लरचे थर चिकटवून केलेले असते, आणि मूळ आराखड्यातच ते तसे आहे. एपिफोन ही कंपनी १९५७ पासून गिब्सनच्याच मालकीची आहे आणि तिच्या ३३५ मध्येही थरांचे अंग आणि मधला ठोकळा हीच रचना असते. आयबानेझच्या आर्टकोर मालिकेतल्या एएस गिटारीही याच जातीच्या आहेत. म्हणजे तुमच्या कानात बसलेल्या आवाजाचा पाया तुमच्या ७५ हजारांत मिळतो. गिब्सनमध्ये जे जास्तीचे मिळते, ते पिकअप, फिनिश, लाकडाची निवड आणि हाताची कारागिरी यांत असते. ते खरोखर चांगले असते, हे मी नाकारत नाही, पण त्यासाठी पाच वर्षे न वाजवता बसणे मला पटत नाही. बेचाळीस ते सत्तेचाळीस या वर्षांत तुमची बोटे जे शिकतील, त्याची किंमत कोणत्याही शिक्क्याहून अधिक आहे.

तुमचा तिसरा पर्याय, म्हणजे स्वस्तातली घेऊन पुढे भाग बदलत जाणे, भरीव गिटारीसाठी मी कोणालाही सुचवीन. सेमी-हॉलोसाठी मात्र अजिबात नको. भरीव गिटारीच्या बहुतेक नमुन्यांत एक झाकण उघडले की आतली सगळी जोडणी समोर येते. ईएस-३३५ च्या घडणीत मागे झाकणच नसते. चारही नॉब, स्विच आणि जॅक (केबल जोडायची जागा) हे सगळे त्या इंग्रजी 'एफ'च्या आकाराच्या भोकातून आत गेलेले असते आणि बाहेर काढायचे तर त्याच वाटेने. बारा वर्षांपूर्वी मी एक सेमी-हॉलो जुनी, न पाहता, कुरियरने मागवली. विकणाऱ्याने 'जॅक थोडा सैल आहे' एवढेच कळवले होते. जुलैतल्या एका संध्याकाळी केबल काढताना जॅकची चकती सुटली आणि जॅक आत पडला. टॉर्चच्या उजेडात वाकवलेल्या तारेने तो एफ-भोकापर्यंत ओढला, त्याला दोरा बांधला, दोऱ्याचे दुसरे टोक आतून जॅकच्या भोकात आणले आणि मग हळूहळू ओढून तो जागेवर बसवला. त्यात पाऊण तास गेला, आणि तो फक्त एक जॅक होता. संपूर्ण जोडणी बदलायची म्हणजे कारागिराचा दिवस जातो आणि त्याची मजुरीही तशीच होते. म्हणून सेमी-हॉलो घेताना आतली विजेची जोडणी पहिल्या दिवसापासून चांगली असलेलीच घ्यावी. तिथे वाचवलेले पाच हजार पुढे दुपटीने जातात.

न पाहता मागवू नका, असे मी म्हणूनच कळकळीने सांगतो. एखाद्या रविवारी सकाळच्या पंचवटी एक्सप्रेसने मुंबईला जा. सीएसएमटीपासून धोबी तलाव चालत जाण्याच्या अंतरावर आहे आणि तिथली वाद्यांची दुकाने जुनी आहेत. निघण्याआधी फोन करून दुकान उघडे आहे का आणि तुम्हाला हवे ते मॉडेल दुकानात ठेवलेले आहे का, हे विचारून घ्या. आपली जुनी गिटार सोबत न्या, म्हणजे एकाच अॅम्पवर दोन्ही वाजवून फरक ऐकता येईल.

दुकानात पहिली पंधरा मिनिटे अॅम्पशिवाय वाजवा. पट्टा लावून उभ्याने आणि बसून, दोन्ही प्रकारे धरून पाहा. या गिटारीची रुंदी सुमारे चाळीस सेंटिमीटर असते आणि तासाभराने उजवा खांदा अवघडतो की नाही, हे अशा वेळीच कळते. मग अॅम्प लावून चारही नॉब सावकाश फिरवा, कुठे खरखर येते का ते ऐका आणि केबल जॅकमध्ये हलकेच हलवून पाहा. एक तार नेकवरच्या (गिटारीच्या मानेवरच्या) पहिल्या आणि शेवटच्या फ्रेटवर, म्हणजे धातूच्या आडव्या पट्टीवर, एकाच वेळी दाबून धरली, तर मध्ये केसाएवढी फट दिसली पाहिजे. फट मुळीच नसेल किंवा फार मोठी असेल, तर नेकच्या आतली सळई, म्हणजे ट्रस रॉड, जुळवावी लागेल. मोबाइलचा टॉर्च एफ-भोकात धरून ठोकळ्याच्या कडेचे चिकटकाम पाहा. जुनी गिटार पाहत असाल, तर खुंट्यांच्या पट्टीची मागची बाजू, जिथे ती नेकला मिळते, नखाने चाचपून बघा. गिब्सन घडणीच्या गिटारी पडल्या की बहुधा तिथेच तडकतात, आणि पॉलिशखाली लपवलेली चीर डोळ्यांआधी नखाला कळते.

सगळे पैसे गिटारीत घालू नका. केस आणि चांगल्या कारागिराकडून सेटअप (तारा आणि नेक नीट जुळवून घेणे) यांसाठी पाच-सात हजार बाजूला ठेवा. तुमच्याकडे अॅम्प कोणता आहे, हे पत्रात नाही. तो वीस वर्षांपूर्वीचा, गिटारीसोबत आलेला छोटा डबा असेल, तर गिटार थोडी कमी किमतीची घेऊन अॅम्प बदललेला बरा.

पावसाळ्याची फार धास्ती घेऊ नका. थरांचे लाकूड अखंड लाकडापेक्षा कमी फुगते, त्यामुळे अंगाला फारसे काही होत नाही. हलतो तो नेक. आपल्याकडे जुलै-ऑगस्टमध्ये हवा ओलीचिंब असते आणि मार्च-एप्रिलच्या दुपारी कोरडी ठणठणीत, म्हणून वर्षातून दोनदा, पावसाआधी आणि दिवाळीनंतर, नेक तपासून घ्यावा. गिटार केसमध्ये ठेवावी, आत सिलिका जेलच्या पुड्या टाकाव्यात, आर्द्रता मोजणारे छोटे यंत्र ठेवावे आणि काटा ४५ ते ५५ टक्क्यांच्या आसपास राहील असे पाहावे. बाहेरच्या भिंतीला टेकवून मात्र कधीही ठेवू नये. पावसाळ्यात त्या भिंतीची ओल थेट वाद्यात उतरते.

तुमच्या रात्रीच्या रियाजासाठी तर ही गिटार भरीव गिटारीपेक्षा नक्कीच सोयीची आहे. अॅम्प न लावताही ती स्वतःच्या कानाला पुरेल इतकी बोलते आणि शेजारच्या खोलीत झोपलेल्यांपर्यंत सहसा पोहोचत नाही. माझा सल्ला असा, की येत्या दोन-तीन महिन्यांत एपिफोन किंवा आयबानेझ यांपैकी हाताला बसेल ती घ्या. गिब्सनसाठी वेगळे पैसे साठवत राहायला हरकत नाही.

प्रश्न : एपिफोनची कसिनो आणि ३३५ दिसायला सारख्याच वाटतात. आमचा कॉलेजचा बँड आहे आणि ड्रमच्या शेजारी उभे राहून मोठ्या आवाजात वाजवावे लागते. कोणती घ्यावी?
— एक विद्यार्थी, नाशिकरोड

उत्तर : दोन्हींचा आकार सारखा असला, तरी कसिनोच्या आत ठोकळा नसतो, ती पूर्ण पोकळ आहे. तिचे पिकअपही वेगळे, एकाच वेटोळ्याचे पी-९० असतात. तिचा आवाज अधिक मोकळा आणि करकरीत असतो आणि वजनही कमी असते. मात्र अॅम्प मोठा करून त्याच्यासमोर उभे राहिलात, तर ती लवकर हुंकारू लागते आणि पी-९० विजेची घरघरही उचलतात. तुम्ही सांगितलेल्या परिस्थितीत ३३५ घ्यावी. कसिनोच हवी असेल, तर अॅम्पच्या समोर न राहता बाजूला उभे राहायची सवय लावा आणि ती घेण्याआधी सरावाच्या खोलीत, ड्रम चालू असताना, एकदा वाजवून पाहा.