संचालक मंडळावर महिला असल्या की कंपन्या नफ्याचे आकडे कमी फिरवतात का?

फिरवाफिरवीला आळा बसू शकतो, पण नुसती एक खुर्ची भरून नाही.

आधी आकडे फिरवतात कसे ते बघा. बुडीत येण्यांची तरतूद (ग्राहकांकडून वसूल न होणाऱ्या पैशांसाठी नफ्यातून बाजूला ठेवलेली रक्कम) कमी दाखवायची, घसारा म्हणजे यंत्राच्या झिजेचा वार्षिक खर्च कमी दिसावा म्हणून कागदावर यंत्राचं आयुष्य वाढवायचं, मार्चअखेरीस डीलरांच्या गळ्यात जादा माल मारून विक्री फुगवायची. यातलं बरंचसं कायद्याच्या चौकटीत बसतं, म्हणून ऑडिटरही हरकत घेईलच असं नाही. इथे ऑडिट कमिटीत, म्हणजे हिशेब तपासणाऱ्या संचालकांच्या समितीत बसलेल्या माणसाने ‘ही तरतूद या तिमाहीतच का घटली?’ असं विचारणं फार मोलाचं असतं.

कंपनी कायदा, 2013 ने सूचिबद्ध (शेअर बाजारात नोंदलेल्या) कंपन्यांना किमान एक महिला संचालक सक्तीची केली. तेव्हा अनेक प्रवर्तकांनी (कंपनीच्या मालक कुटुंबांनी) घरातलीच बायको, मुलगी, सून नेमली. ती नवऱ्याच्या किंवा सासऱ्याच्या ताळेबंदावर बोट ठेवेल, ही अपेक्षाच मला अन्यायाची वाटते. म्हणून शेअर बाजाराची नियामक संस्था सेबीने एप्रिल 2019 पासून बाजारमूल्यानुसार पहिल्या 500 आणि एप्रिल 2020 पासून पहिल्या 1000 सूचिबद्ध कंपन्यांना स्वतंत्र महिला संचालक बंधनकारक केली. खरा फरक या ‘स्वतंत्र’, म्हणजे प्रवर्तकांशी नातं किंवा हितसंबंध नसलेली, या शब्दात आहे.

तरी सत्यम या आयटी कंपनीचा घोटाळा विसरू नका. तिथे मंडळावर एक स्वतंत्र महिला संचालक होत्या, तरीही जानेवारी 2009 मध्ये कंपनीचे संस्थापक-अध्यक्ष रामलिंग राजूंनी स्वतः कबुली देईपर्यंत घोटाळा बाहेर आला नाही.

त्यामुळे वार्षिक अहवालात महिलांची संख्या मोजून थांबू नका. त्या ऑडिट कमिटीवर आहेत का, किती बैठकांना हजर होत्या, हेही बघा.