कौल लावण्याआधी

चि. मुली,

अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझे पत्र मिळाले. ‘गुरुजी, मी आता सगळे देवावर सोपवले आहे’ हे वाक्य त्यात तीनदा आले आहे. ज्याने खरोखर सोपवले आहे त्याला ते पुन्हा पुन्हा लिहावे लागत नाही. कोचीची मत्स्यसंशोधनाची जागा घ्यावी की तालुक्याच्या पतपेढीतली कायमची नोकरी धरावी, हे ठरवण्यासाठी येत्या सोमवारी रवळनाथाच्या देवळात कौल लावायचा असे तुझ्या बाबांनी ठरवले आणि तू मान डोलावलीस. तू हुशार आहेस, तुला कुठेही जमेल, हे लिहिण्यात मी वेळ घालवत नाही. ते तुलाही ठाऊक आहे. देव आहे की नाही हाही आपल्या दोघांमधला वाद नाही. माझे सांगणे एवढेच आहे की निर्णय कोणताही घे, पण त्याच्याखाली नाव तुझे असू दे.

हे मी कोणत्या अधिकाराने लिहितो ते आधी सांगतो. १९७९ साली मी तेवीस वर्षांचा होतो आणि पुण्याच्या डेक्कन कॉलेजात संस्कृत महाशब्दकोशाच्या कामावर साहाय्यक म्हणून ये, असे मला बोलावणे आले होते. १९४८ साली सुरू झालेले ते काम. शेकडो ग्रंथांतून वेचलेल्या शब्दांच्या सुमारे एक कोटी चिठ्ठ्या तिथे कपाटांत लावून ठेवलेल्या आहेत. मला त्या चिठ्ठ्यांची स्वप्ने पडत. वडील म्हणाले, कौल घेऊ. गुरवाने भिजवलेल्या पाकळ्या पाषाणाच्या दोन्ही अंगांना लावल्या आणि ‘बा देवा महाराजा’ म्हणून गाऱ्हाणे घातले; मागे उभ्या असलेल्यांनी ‘व्हय महाराजा’ म्हटले. उजवी पडली तर पोराने जावे, डावी पडली तर राहावे, असे ठरले होते. समईच्या उजेडात मी त्या पाकळ्यांकडे पाहत उभा राहिलो. उजवीकडची पाकळी कडेने सुटली, क्षणभर लोंबली आणि खाली पडली.

पुढचे मी आजवर कुणालाही सांगितलेले नाही. मी म्हणालो, ‘दारातून वारा आला. पुन्हा लावा.’ गुरवाने आधी माझ्याकडे आणि मग वडिलांकडे पाहिले, काही न बोलता पाकळ्या पुन्हा लावल्या, आणि या वेळी बऱ्याच वेळाने डावी पडली. मी सुटकेचा नि:श्वास टाकला. त्यानंतर छत्तीस वर्षे गावच्या शाळेत शिकवताना, पुण्याला का गेला नाहीत असे ज्याने ज्याने विचारले त्याला मी एकच उत्तर दिले: देवाने डावे दिले. मुली, देवाने मला उजवे दिले होते. मला पुण्याची भीती वाटत होती, आणि ती भीती माझी आहे असे म्हणण्याचे धैर्य नव्हते, म्हणून मी तिला देवाचे नाव दिले. मला शाळेचा पश्चात्ताप नाही. मुले चांगली भेटली, तुझे बाबा त्यांतलेच. पश्चात्ताप आहे तो या गोष्टीचा की माझ्या आयुष्यातल्या सर्वांत मोठ्या निर्णयाखाली माझी सही नाही.

तू म्हणशील, आंगणेवाडीच्या भराडीदेवीच्या जत्रेची तारीखसुद्धा कौलावर ठरते, मग आम्हीच काय पाप केले? काहीच नाही. जत्रा साऱ्या गावाची असते, तिथे कुणा एकाचा शब्द वरचढ होऊ नये म्हणून सगळ्यांनी मिळून देवीसमोर मान तुकवायची, यात मोठे शहाणपण आहे. परंतु कोचीला जायचे आहे ते तुझ्या एकटीला. तिथल्या प्रयोगशाळेत मासळीच्या पोटातले अन्न तपासत बसायचे आहे ते तुला, आणि पतपेढीच्या काउंटरवर तीस वर्षे बसायचे असेल तर तेही तुलाच. शिवाय पाकळीला दोनच बाजू असतात. कौल तेवढ्याच प्रश्नाचे उत्तर देतो जेवढा आपण घालतो, आणि तो प्रश्न घालणारा माणूसच असतो. तुझ्या पत्राच्या अगदी शेवटी, जाता जाता लिहिल्यासारखा, आईच्या दम्याचा उल्लेख आहे. माझ्या मते तुझा खरा प्रश्न तिथे आहे. रात्री-अपरात्री आईला दवाखान्यात कोण नेणार, हे रवळनाथाला विचारण्याचे कारण नाही. ते तुझ्या भावाला विचार, आणि तो उत्तर देईपर्यंत त्याच्यासमोरून उठू नकोस.

बाबांनी तुला ‘ठेविले अनंते तैसेचि राहावे’ ऐकवले, हे वाचून मात्र मला राग आला. मीही ते वर्गात शिकवले आहे, तेही माझी पळवाट झाकण्यासाठी. ज्या तुकोबांचे हे शब्द, त्यांनी वडिलोपार्जित सावकारीची खतपत्रे भावाशी अर्धी अर्धी वाटली आणि स्वतःच्या वाट्याची इंद्रायणीत बुडवली, असे परंपरा सांगते. ऋणकोंची सुटका करावी की नाही हे त्यांनी पाकळीला विचारल्याचे कुणी सांगितलेले नाही. ‘सत्य असत्याशी मन केले ग्वाही’ असे म्हणणारेही तेच. अनंताने ठेवलेल्या जागी राहायचे म्हणजे हात बांधून बसायचे, हा अर्थ आपल्यासारख्या भित्र्या माणसांनी काढला.

गीतेचेही तसेच. अठराव्या अध्यायात ‘मामेकं शरणं व्रज’ हे सहासष्टाव्या श्लोकात येते आणि तेवढेच लोक पाठ करतात. त्याच्या तीनच श्लोक आधी, त्रेसष्टाव्यात, कृष्ण अर्जुनाला म्हणतो की याचा पूर्ण विचार कर आणि मग तुला हवे तसे कर: ‘यथेच्छसि तथा कुरु’. आणि शेवटी अर्जुन म्हणतो, ‘करिष्ये वचनं तव’. तुझे सांगणे मी करीन. व्याकरण शिकवण्यात जन्म गेलेला माणूस म्हणून सांगतो, ‘करिष्ये’ हे उत्तमपुरुषी, एकवचनी क्रियापद आहे. संपूर्ण शरण गेलेल्या अर्जुनानेही कर्ता स्वतःलाच ठेवले. शरण जायचे तर जा, पण ‘मी जाते’ असे म्हणून जा.

आता दुसरी गोष्ट, जिच्यामुळे माझा धाकटा भाऊ अजून माझ्याशी बोलत नाही. १९९८ साली आईला अचानक आतड्याचा त्रास झाला. रात्री अकरा वाजता डॉक्टर म्हणाले, शस्त्रक्रिया लगेच करावी लागेल, सकाळपर्यंत थांबण्यात धोका आहे. भावाचे म्हणणे होते की पहाटे गुरवाला उठवून कौल लावू आणि मग ठरवू. मी संमतीपत्रावर सही केली. नवव्या दिवशी आई गेली. ‘देवाला विचारले असतेस तर’ हे वाक्य मी बाराव्याच्या पंगतीतही ऐकले. मी चुकलो का? डॉक्टरांनी दोन्ही धोके स्पष्ट सांगितले होते, मी ते दोनदा विचारून घेतले होते, आणि थांबलो असतो तर ती नऊ दिवसही मिळाली नसती असे मी आजही मानतो. त्या नऊ दिवसांतल्या चौथ्या दिवशी तिने मला तांदळाची पेज मागितली आणि मी ती चमच्याने भरवली. तो कागद पुन्हा समोर आला तर मी पुन्हा सही करीन. त्या सहीचे मला दुःख आहे, पण तिची लाज नाही. १९७९ च्या पाकळीची लाज मात्र अजून जात नाही. या दोन गोष्टींतला फरक तुला कळावा म्हणूनच एवढे लांबलचक लिहीत बसलो आहे.

तू पतपेढीत राहिलीस तरी मी रागावणार नाही. आईजवळ राहावेसे वाटते म्हणून राहिलीस तर तो निर्णय कोचीइतकाच मोलाचा आहे. पण तसे म्हण. बाबांना म्हण, मला म्हण, आणि आरशासमोर उभी राहून स्वतःला म्हण. ‘देवाची इच्छा’ असे म्हणून माझ्याकडे आलीस तर मात्र मी तुला दारातूनच परत पाठवीन, कारण त्या शब्दांआड काय काय लपवता येते ते मला चांगले ठाऊक आहे.

सोमवारी देवळात जाऊ नकोस असे मी सांगत नाही. अवश्य जा, बाबांना दुखवू नकोस. मात्र रविवारी रात्री तुझा निर्णय कागदावर लिही, खाली सही कर, तारीख घाल आणि तो कागद घडी करून जवळ ठेव. गुरवाला सांग की पाकळ्या लावायच्या नाहीत, फक्त गाऱ्हाणे घालायचे आहे: पोरीने ठरवले आहे, तिला सांभाळ. मी मागे उभा राहून ‘व्हय महाराजा’ म्हणेन.

जागा स्वीकारल्याचे कोचीला कळवण्याची शेवटची तारीख तू पत्रात लिहिलेली नाहीस. ती उलट टपाली कळव.

तुझा,
गुरुजी